आधी ठिणगी बघा

ज्या घरात ट्रॅक्टर आहे त्या घरातल्या माणसांना पेट्रोलची जुनी मोटार लवकर उमगत नाही, असे माझे मत आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे ट्रॅक्टर असेल, विहिरीवर कधी काळी डिझेलचे इंजिनही असेल. ते बंद पडले की आपण काय करतो? टाकीत डिझेल आहे का बघतो, फिल्टर बघतो, पाइपात हवा धरली असेल तर पाना लावून हवा काढतो. ते बरोबरच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. आत हवा दाबून इतकी तापलेली असते की डिझेलचा फवारा तिच्यात पडला की आपोआप पेट घेतो. त्यामुळे तिथले दुखणे बहुतेक वेळा तेलाच्या वाटेवरच सापडते. ही सवय अंगात मुरते. मग पेट्रोलची गाडी रस्त्यात थांबली की त्याच सवयीने सगळे म्हणतात, "कचरा आला असेल."

लगेच कार्ब्युरेटर खोलला जातो. जेट तोंडाने फुंकला जातो. तोवर अर्धा तास गेलेला असतो, इंजिन गार झालेले असते, आणि सेल मारला की गाडी चालू होते. "बघा, कचराच होता!" सगळे खूश. चार दिवसांनी गाडी पुन्हा तिथेच उभी.

वाचकहो, हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरी १९९७ सालच्या उन्हाळ्यात हेच दोन महिने चालले होते, आणि त्या दोन महिन्यांत गाडीवर एका जिवाची भिस्त होती.

आमची वस्ती माण तालुक्यात. गावापासून दीड मैल आत, ओढ्याच्या पलीकडे. मोठा दवाखाना गाठायचा तर फलटण. मोगराळे घाट उतरून तासाभराची वाट. आज १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते, ती सोय महाराष्ट्रात २०१४ साली आली. तेव्हा दिवसा वडापच्या जीपा आणि रात्री देवाचे नाव. माझ्या धाकट्या जावेच्या पहिल्या खेपेला गावापर्यंत बैलगाडी आणि पुढे मिळेल ते वाहन, असे करत फलटण गाठले होते. मूल हाती लागले नाही. १९९७ साली ती पुन्हा भरल्या पायाची होती आणि वैशाखात दिवस भरणार होते. या खेपेला दारात मोटार आहे, याचाच सगळ्यांना धीर होता.

मोटार म्हणजे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या माणदेशातली पुष्कळ माणसे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी, देशभर पांगलेली आहेत. माझे थोरले दीर त्यांतलेच. त्यांनी १९९४ साली नवी गाडी घेतली आणि जुनी वस्तीवर आणून सोडली. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट अकराशे. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. वालचंदनगरचा साखर कारखाना काढणारे तेच हे वालचंदशेठ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी वर्षानुवर्षे हीच होती. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे साधेसुधे इंजिन, बारा व्होल्टची बॅटरी. बॉनेट उघडले की काय कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. आजच्या गाड्यांचे बॉनेट उघडले की नुसते झाकणच दिसते, ते जाऊ द्या.

तर त्या वर्षी फाल्गुनापासून गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी चटकन लागेना. सेल मारला की इंजिन कण्हल्यासारखे फिरे, दोन-तीनदा हुलकावणी देई, मग कशीबशी लागे. आणि दुपारी फलटणहून परत येताना घाटात थांबे. तालुक्याच्या गावच्या गॅरेजात दोनदा नेली. पहिल्या खेपेला प्लग आणि पॉइंट बदलले. दुसऱ्या खेपेला कार्ब्युरेटरचे किट टाकले आणि पेट्रोल पंपही बदलला. एका दुभत्या शेळीची किंमत गेली. गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. गाडी त्याच्या दारात गेली की शहाण्या पोरासारखी चालायची. निरोगी गाडीत रोग कसा सापडावा? मग एकेक सुटा भाग बदलत जाणे एवढेच त्याच्या हाती राही. मात्र अधूनमधून येणाऱ्या दुखण्यावर हा सर्वांत महाग उपाय आहे. शिवाय नवा टाकलेला भाग नेहमी चांगलाच असतो असे नाही. बाजारात नकली मालही असतो, आणि एका रोगाचे दोन होतात.

आमच्या घरात दुधाची वही असते. कोणत्या जनावराने कोणत्या वेळी किती दूध दिले, कधी माजावर आली, कधी रेतन केले, हे मी त्या वहीत लिहिते. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी गाडीचे लिहू लागले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आमचे हे येऊन म्हणत, "आज पुन्हा थांबली," आणि मी विचारी, "किती वाजता? कुठे? थांबायच्या आधी गचके दिले का?" त्यांना आठवेना. म्हणून लिहायचे. तारीख, वेळ, ऊन की गारवा, चढ की सपाट, किती वेळ चाललेली होती, टाकीत पेट्रोल किती, थांबली कशी, परत लागली किती वेळाने. महिनाभरात अकरा नोंदी झाल्या.

शेजारच्या वस्तीवर एक तात्या होते. लष्करात ईएमई कोरमध्ये हवालदार होऊन परतलेले. सातारा जिल्ह्यात माजी सैनिक घरटी एक सापडेल, पण तात्यांची उभी नोकरी पेट्रोलच्या गाड्यांत गेली होती. जबलपूरच्या कारखान्यात बनणाऱ्या जोंगा गाड्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती. त्यांना बोलावले तेव्हा ते गाडीकडे फिरकलेच नाहीत. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "जित्या गाडीत मी काय बघू? गाडी मेल्यावर मला बोलवा."

मी वही पुढे केली. चष्मा लावून त्यांनी अकराही नोंदी दोनदा वाचल्या.

"सूनबाई, हे एक दुखणं न्हाई. दोन हायती. सकाळचं येगळं, घाटातलं येगळं. तुमी दोनीला एकच औषध देताय."

नोंदी खरोखरच तसे सांगत होत्या. चार नोंदी सकाळच्या. त्यांत गाडी थांबल्याची एकही नाही, फक्त लागायला त्रास. सात नोंदी दुपारच्या. त्या सातही वेळा गाडी पंचवीस मिनिटांहून जास्त चाललेली, सातही वेळा कडक ऊन. टाकी दोनदा भरलेली, इतर वेळी निम्मी. त्याने काही फरक पडला नव्हता. सातही वेळा गाडी अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप लागलेली, मग कोणी कार्ब्युरेटर फुंको वा न फुंको. आणि सातही वेळा ती एकही गचका न देता झटक्यात बंद पडलेली, चावी फिरवून बंद करावी तशी.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. पेट्रोल कमी पडू लागले की गाडी सहसा आधी कुरकुरते. चढाला दम लागतो, गचके देते, पाय दाबला तरी वेग उतरत जातो आणि मग थांबते. ठिणगी गेली तर बहुधा एका क्षणात इंजिन मुके होते. हा काही शंभर टक्क्यांचा नियम नाही, पण शोध कोणत्या बाजूने सुरू करायचा ते त्यावरून कळते.

आता ही ठिणगी तयार कशी होते ते सांगते, कारण ते समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाइपलाइनमधून पाणी जोरात वाहते आहे, आणि एकाएकी लाइट गेली. काय होते? पाइपात धाडकन दणका बसतो. वाहते पाणी एकदम अडले की त्याचा दाब क्षणभर कितीतरी पटींनी वाढतो. कच्चा पाइप असेल तर फुटतो. मोटारीच्या कॉइलमध्ये विजेच्या बाबतीत असेच काहीसे घडवून आणलेले आहे. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतून बॅटरीची वीज वाहत असते. पॉइंट उघडले की ती एकदम तुटते. त्या दणक्याने बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत दाब उभा राहतो आणि तो प्लगच्या फटीतून ठिणगी होऊन उडी मारतो. कंडेन्सर हा छोटा डबा पॉइंटला जोडलेला असतो, तो पॉइंट उघडताना तिथे उडणारी ठिणगी गिळतो. नाहीतर पॉइंट जळून जातील आणि वीजही झटक्यात तुटणार नाही. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर फिरता फिरता कोणत्या सिलिंडरला ठिणगी द्यायची ते वाटून देतो. पद्मिनीत हा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे.

इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर पॉइंट एका सेकंदात शंभर वेळा उघडतात आणि मिटतात. सेकंदाला शंभर! तरी हे यंत्र वर्षानुवर्षे चालते, याचेच मला नवल वाटते. कॉइल आणि पॉइंटची ही जोडणी अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारींत आली. केटरिंगही ओहायोतल्या शेतकरी घरातलेच.

तात्यांनी दुसऱ्याच दिवशी भर दुपारी गाडी काढायला लावली. मी पुढे, चावीला. घाट उतरून गेलो, फलटणच्या अलीकडूनच वळलो आणि चढाला लागलो. कधी नव्हे ते गाडी बंद पडावी म्हणून आम्ही वाट बघत होतो. निम्म्या घाटात ती बंद पडली. तात्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही.

"आता घाई करायची. गार व्हायच्या आत."

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड. तात्यांनी एका प्लगची वायर काढली, तिच्या तोंडात जुना प्लग बसवला आणि प्लगचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरले. हातात रबरी मुठीची पक्कड, आणि कार्ब्युरेटरपासून लांबची बाजू. मी सेल मारला. ठिणगी नाही. कॉइलमधून निघणारी मधली जाड वायर टोपीतून उपसली, तिचे टोक इंजिनापासून ज्वारीच्या दोन दाण्यांएवढे दूर धरले. सेल मारला. तिथेही नाही. चांगली ठिणगी निळसर असते आणि चटचट आवाज करते. पिवळी, बारीक, मुकी ठिणगी म्हणजे अशक्त. इथे तर काहीच नव्हते.

एवढ्या दोन मिनिटांत अर्धा प्रश्न सुटला. दोष पेट्रोलच्या वाटेवर नव्हता. कार्ब्युरेटर, पंप, टाकी सगळे सुटले.

पुढे तात्यांनी खिशातून इंडिकेटरचा बारा व्होल्टचा छोटा बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला. एक वायर इंजिनाच्या लोखंडाला, दुसरी कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला. चावी चालू करताच बल्ब लागला. म्हणजे कॉइलपर्यंत वीज येते आहे, चावी आणि वायर ठीक. मग दुसरी वायर पॉइंटकडच्या टोकाला लावली आणि मला सेल मारायला सांगितले. बल्ब लुकलुकू लागला. म्हणजे पॉइंट उघडमीट करताहेत, पॉइंटची वायर तुटलेली नाही आणि कंडेन्सर आतल्या आत लोखंडाला चिकटलेला नाही. वीज येते, तुटते, तरी दणका बसत नाही. मग राहिली कॉइल. तात्यांनी माझा हात तिच्याजवळ नेला. टेकवणे मुश्किल, इतकी तापलेली. आतल्या बारीक तारेवरचे आवरण जुने झाले की तापल्यावर आतल्या आत वीज गळते. गार झाली की कॉइल पुन्हा ठाकठीक. म्हणूनच ती गॅरेजात निरोगी दिसत होती.

खात्री करायची म्हणून त्यांनी चावी बंद करून ओले फडके पिळून कॉइलला गुंडाळले, वर टाकीवरच्या तारांना पाणी लागू न देता. पाच-सात मिनिटांनी ठिणगी आली. अशक्त, पण आली. गाडी लागली.

इथे एक सांगून ठेवते. कडक उन्हात पेट्रोलच्या नळीत वाफ धरूनही गाडी अशीच थांबते आणि गार झाल्यावर लागते. दोन्ही दुखणी जुळ्या बहिणींसारखी दिसतात. ओले फडके पेट्रोल पंपावर टाकून गाडी लागली तर वाफ, कॉइलवर टाकून लागली तर कॉइल, असा ढोबळ उपाय लोक करतात. पण दोन्हीकडे एकदम पाणी ओतले तर तुम्हाला काहीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट करावी. त्याहीपेक्षा, थांबल्याबरोबर ठिणगी पाहावी, म्हणजे वादच उरत नाही.

कॉइल बदलली. घाटातले थांबणे संपले. घरात सगळे म्हणाले, झाले काम. पण वहीत चैत्रातल्या सकाळच्या नोंदी पडतच होत्या, आणि बाळंतपण काही दुपारच्या उन्हाची वाट बघत बसत नाही. तात्यांना पुन्हा बोलावले, या वेळी पहाटे सहाला.

सेल मारल्यावर इंजिन आळसावून फिरत होते. बॅटरी नुकतीच पुरी चार्ज केलेली होती. बॅटरीची टोके पाढऱ्या भुकटीने माखली होती, ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली, ब्रशने घासली, तरी फरक थोडाच. मग तात्यांनी एक गंमत केली. मला सेल मारायला लावून त्यांनी चोकची तार बोटांनी चाचपली. "हात लावून बघा, सूनबाई." तार कोमट नव्हे, चांगली गरम होती! चोकच्या तारेचा विजेशी काय संबंध? संबंध असा की सेल मोटर शेकडो अँपिअर वीज ओढते आणि ती वीज बॅटरीकडे परत जायला वाट लागते. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला एक विणलेली अर्थ पट्टी असते, ती तिची वाट. आमची पट्टी बोल्टाखाली गंजून निम्म्या तारा तुटलेली. मोठी वाट अडली म्हणून वीज चोकच्या तारेसारख्या पाऊलवाटांनी परत जात होती. तात्यांनी जंपरची एक केबल बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून थेट इंजिनाला लावली आणि सेल मारताच इंजिन भिंगरीसारखे फिरले. पहिल्याच खेपेला गाडी लागली.

यात दुहेरी नुकसान असते. डिस्ट्रिब्युटरची अर्थ इंजिनातूनच जाते. पट्टी खराब असली की सेल मारताना कॉइललाही पुरी वीज मिळत नाही. म्हणजे गार इंजिनाला जेव्हा सणसणीत ठिणगी हवी, नेमकी तेव्हाच ती अशक्त. लोक चोक ओढत राहतात, प्लग पेट्रोलने भिजतात, मग प्लगला दोष. आम्ही नवी पट्टी आणली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, बोल्ट आवळले. सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त वस्तू हीच होती.

वैशाखात एका रात्री दोनच्या सुमारास सासूबाईंनी मला हाक मारली. जावेला कळा सुरू झाल्या होत्या. आमच्या ह्यांनी चोक ओढला, सेल मारला, आणि गाडी लागली. मी मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. घाट उतरताना कोणी कोणाशी बोलले नाही. सगळ्यांचे कान इंजिनाकडे. साडेतीनच्या आत दवाखान्याच्या दारात होतो. सकाळी सात वाजता मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती, थोडा उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परत आल्यावर त्या रात्रीचीही मी वहीत नोंद केली: "रात्री २.१०. गारवा. एका सेलला लागली."

आता काही सुट्या गोष्टी. तुमच्याकडे जुनी पेट्रोलची जीप असेल, अँबॅसडर असेल, पॉइंटवाली राजदूत असेल, तर उपयोगी पडतील.

पावसाळ्यात, दवाच्या सकाळी गाडी लागत नसेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर टोपीला चीर आहे, तिथून वीज पळते. पुसून भागणार नाही, टोपीच बदला. रात्री काळोखात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी म्हाताऱ्या झाल्या. हे बघताना पदर, उपरणे पंख्यापासून लांब ठेवा; गमतीने सांगत नाही.

पॉइंट वारंवार जळत असतील तर पॉइंटला बोल न लावता कंडेन्सरकडे बघा. तोही कॉइलसारखाच तापल्यावर दगा देतो. पॉइंटची फट पद्मिनीला ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या मधे लागते, ती फिलर गेजने मोजून घ्यावी. नजरेने धरू नये. प्लगची फट साधारण ०.६ मिलिमीटर, गेज नसला तर हॅकसॉचे पाते घालून बघा, ते साधारण तेवढ्याच जाडीचे असते.

डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटकडे जाणारी एक आखूड वायर असते. ती आतल्या आत तुटते आणि वरचे प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसते. खड्ड्यात गाडी बंद, पुढच्या धक्क्याला चालू, असा खेळ असेल तर ती वायर बोटांत धरून हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तांबे राहिलेले नाही.

काही गाड्यांत कॉइलच्या वाटेवर एक रेझिस्टर असतो आणि सेल मारताना तेवढा टाळून वीज थेट जाते. सेल फिरत असताना गाडी पकडते आणि चावी सोडताच मरते, असे होत असेल तर तो रेझिस्टर नाहीतर चावीचा स्विच तपासा. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइलमधून सतत वीज वाहते आणि ती उगाच भाजून निघते.

आमची गाडी अजून आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ते आम्ही करत आलो. नवे सामान मिळणे अवघड झाले आहे, म्हणून जुनी पण चालती कॉइल, कंडेन्सर, रोटर आणि तात्यांचा तो बल्ब डिकीत डब्यात असतो. तात्या आता नाहीत.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र वहीत वेगळ्याच नोंदी येऊ लागल्या आहेत आणि या वेळी दोष खरोखरच पेट्रोलच्या वाटेवर निघाला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसाचे, मक्याचे ते. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या काळचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. पाइप फुगतात, मऊ पडतात, आतून सुटलेले रबर जेटमध्ये अडकते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका. पाइप वास घेऊन, दाबून बघत जा. चिकट लागला की इथेनॉलला चालणारा नवा पाइप घ्या, आणि क्लिपाही नव्या घ्या; जुन्या क्लिपा पुन्हा आवळल्या की वाकड्या बसतात आणि पेट्रोल नेमके गरम इंजिनावर ठिबकते.